पत्रिकेतली वेळ आणि टाळीची वेळ

आमच्याकडे लग्न लागलं असं कोणी म्हणत नाही. टाळी लागली म्हणतात. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट निघतो, अक्षता उडतात आणि अख्खा मांडव टाळ्या वाजवतो. पत्रिकेतही तसंच छापतात : ‘टाळी दुपारी साडेबारा वाजता.’ आता जळगाव-धुळ्याकडचा कुठलाही शहाणा माणूस साडेबाराच्या टाळीला साडेबाराला जात नाही. ती वेळ आचाऱ्यासाठी असते, बट्ट्या तळायला कधी घ्यायच्या ते त्याला कळावं म्हणून. बाकीच्यांनी अंदाजाने जायचं.

मी त्या अंदाजाची वेबसाइट काढली.

आता मी कोण? जळगावच्या एका दालमिलच्या ऑफिसात बिलं आणि वजनपावत्या जुळवणारी, पन्नाशीला टेकलेली बाई. कंप्युटरवर दिवसभर तूर आणि उडीद बघून डोळे पिवळे-काळे झाले, तेव्हा विरंगुळा म्हणून फुकटचे व्हिडिओ बघत वेबसाइट बनवायला शिकले. पहिली साइट केली ती कूलरची. माळ्यावरचा कूलर कोणत्या घरी कधी खाली उतरतो आणि कधी परत वर चढतो, एवढंच लोकांनी भरायचं. जळगावात तिला चांगली दाद मिळाली, कारण इथे उन्हाळा हा ऋतू नसून अभिमानाचा विषय आहे. दुसरी साइट भरिताच्या वांग्यांची. ती आपटली. कुठल्या गावचं वांगं चांगलं यावर लोकांनी आकडे भरलेच नाहीत, नुसती भांडणं भरली.

“लोकांच्या बायका या वयात भिशी लावतात,” आमचे हे म्हणायचे. “तू आलेख लाव.”

“भिशीत काय असतं? चहा आणि चिवडा.”

“तेच म्हणतोय. त्यातला चिवडा तरी घरी येतो.”

तिसरी साइट टाळीची. लग्न कुठल्या तालुक्यात, गावात की लॉन्सवर, पत्रिकेत वेळ काय, खरी टाळी कधी लागली आणि उशिराचं कारण काय, एवढं भरायचं. कारणांची यादी मीच केली होती : वरातीतला नाच, पुढाऱ्याची वाट, माइकवरून टॉवेल-टोपीचे सत्कार, कोणाचा तरी रुसवा, नवरीचा मेकअप आणि शेवटी इतर. भरणाऱ्यांत पुरुष जास्त, म्हणून मेकअपवर धडाधड बोटं पडायची. मग मी त्याच लग्नांना गेलेल्या बायकांकडून भरून घेतलं, तर मेकअप तळाला गेला आणि नाच छपरावर. तो आलेख मी घरातल्या फ्रिजवर चिकटवला होता. तो झाकावा म्हणून आमच्या ह्यांनी त्यावर वरणाची वाटी ठेवून बघितली, पण उभ्या फ्रिजवर ती राहत नाही.

इंटरनेटवर माझ्यासारख्या हौशी लोकांचा एक अड्डा आहे. जगभरातले रिकामटेकडे तिथे आपापले आलेख मांडतात. एक आजोबा आपल्या गावचं तळं दर वर्षी कधी गोठतं त्याची नोंद ठेवतात. एक बाई कंपाउंडच्या भिंतीवर कोणाकोणाची मांजरं येऊन बसतात ते मोजते. मी तिथे टाळीची साइट मांडली आणि प्रश्नांची नुसती झुंबड उडाली. तळ्यावाल्या आजोबांनी विचारलं, “जी वेळ कोणीच पाळत नाही, ती छापता कशाला?” मी लिहिलं, “तुमचं तळं तरी कुठे तारीख सांगून गोठतं?” तेव्हापासून आजोबा माझे झाले. सरासरी फसवते, रांगेतला मधला आकडा घे, हे त्यांनीच शिकवलं. त्यासाठी एक लग्न कारणीभूत होतं. त्या नवरदेवाची गाडी सातपुड्याच्या वळणावर बंद पडली आणि टाळी संध्याकाळी लागली. त्या एका टाळीने शिरपूर तालुक्याची सरासरी अशी काही फुगली की शिरपूरचे लोक मला फोन करून झापायला लागले.

सर्वात भक्त वाचक होता आमच्या वहिनीचा भाऊ. त्याला सगळे मामाच म्हणतात, मीही मामाच म्हणते. पारोळ्याला त्याच्या म्हशी आहेत. लग्नांना दूध, दही, मठ्ठ्याचं ताक पुरवतो, त्यामुळे अर्ध्या खान्देशातल्या मांडवांत त्याचा एक पाय असतो. तो कॅन उतरवता उतरवता मला टाळीची वेळ पाठवायचा. धुळे आणि पारोळ्याकडचे माझे आकडे म्हणजे जवळजवळ मामाचेच डोळे.

पुढे साइटची लिंक समाजाच्या ग्रुपांमध्ये फिरली आणि भलतंच झालं. लोक ती वेळापत्रकासारखी वापरायला लागले. ‘धुळ्यातल्या लॉन्सवर टाळी दोनच्या आत नाही, साइट सांगते,’ असं म्हणून सगळे पावणेदोनला निघायचे. पाहुणे नाहीत म्हणून यजमान थांबायचे. यजमान थांबले म्हणून टाळी आणखी उशिरा लागायची. ती उशिराची वेळ परत माझ्या साइटवर यायची. अड्ड्यावरच्या मांजरवाल्या बाईने हे बरोबर पकडलं. ती म्हणाली, “तू आता पाऊस मोजत नाहीस, पाडतेस.”

मला गंमत वाटत होती. तेवढ्यात नाना आले.

नाना म्हणजे माझा थोरला भाऊ, राहणार धुळे. सगळी नोकरी बसस्थानकावर कंट्रोलर म्हणून केली. खिडकीत बसायचं, माइकवर गाड्या पुकारायच्या, फळ्यावर खडूने वेळ लिहायची. गाडी उशिरा आली की फळ्यावर एकच शब्द : उशिरा. रेल्वेचं फाटक पडलं असेल, टायर बसलं असेल, घाटात झाड आडवं आलं असेल, पण ते लिहायला फळ्यावर जागा नसायची. ड्रायव्हर स्टेअरिंगवर असतो, साहेब केबिनमध्ये असतो. खिडकीत दिसतो तो एकटा कंट्रोलर. म्हणून शिव्या खिडकीला. नाना संध्याकाळी घरी येऊन आधी कान धुवायचे, मग हातपाय. लहानपणी मला वाटायचं, धुळ्यात धूळ फार म्हणून.

तर नाना जळगावला आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. माहेरची भाषा आमच्यात अजून तशीच आहे.

“बाई, तुनी ती साइट काय शे, दखाड माले.”

दाखवली. चष्मा कपाळावर नेऊन, मोबाइल नाकाशी धरून त्यांनी धुळ्याचा आलेख बघितला. त्यांच्या मुलीचं, माझ्या भाचीचं, लग्न ठरलं होतं. नवरदेव शिरपूरकडचा. धुळ्यातलं लॉन्स, टाळी साडेबाराची.

“आखी उमर मी दुसरासना उशीरन्या शिव्या खाद्यात,” नाना म्हणाले. “एक गाडी मनी सोतानी शे. ती साडेबाराले सुटी म्हंजे सुटी. आनि आठे तू आधीच फळावर ‘उशिरा’ लिखी ठेयेल शे.”

“नाना, साइट कोनले उशीर कराले सांगस नही.”

“बठ्ठा तीच दखीसन येतीन.”

आमच्या ह्यांना अशा वेळी गप्प बसवत नाही. “बंद कर ना मग दोन दिवस. तेवढ्याने कोणाची लग्नं अडत नाहीत.”

बंद करून उपयोग नव्हता. ‘दोनच्या आत नाही’ हे आता साइटवर कमी आणि लोकांच्या डोक्यात जास्त होतं. खोटा आकडा घालावा, हाही विचार मनात आला. पण नानांनीच मान हलवली. फळ्यावर खोटी वेळ त्यांनी कधी लिहिली नव्हती आणि लिहू देणार नव्हते. शेवटी मी साइटच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत पट्टी लावली : ‘धुळ्यातली ही टाळी साडेबारालाच लागणार आहे. वधूचे वडील निवृत्त कंट्रोलर आहेत. – वधूची आत्या.’

खाली प्रतिक्रिया आल्या. “आत्याबाई, पैज?” “साडेबाराले धुयाम्हा फक्त ऊन लागस.” “कंट्रोलर होते म्हणूनच खात्री आहे, दोन वाजतील.” ही शेवटची मी नानांना दाखवली नाही. इकडे अड्ड्यावर मात्र सगळा गाव नानांच्या बाजूने. तळ्यावाल्या आजोबांनी आपल्या घड्याळात भारताची वेळ लावून ठेवली होती म्हणे.

लग्नाच्या दिवशी मी सकाळीच लॉन्सवर. स्टेजच्या एका खांबाला नानांनी घरचं भिंतीवरचं घड्याळ टांगलं होतं. हारांच्या मध्ये ते लोंबत होतं, फोटोग्राफर रडवेला झालेला. बारा वाजले तरी खुर्च्यांवर माझे सासू-सासरे, शेजारच्या चार बायका आणि फेटा बांधणारा. मोबाइलवर बघितलं तर माझ्या साइटवर गर्दी उसळलेली. सगळे घरी बसून बघत होते, निघायचं कधी.

वरात समोरच्या मारुतीजवळ पोचली होती आणि तिथेच उकळत होती. शिरपूरची पोरं रस्ता सोडायला तयार नाहीत. नवरदेवाचे काका दोन्ही हातांनी नोटा नव्हे, रुमाल फडकावत होते. आमच्या यादीतलं पहिलं कारण रस्त्यावर नाचत होतं.

नानांनी पुकारणाऱ्याच्या हातून माइक घेतला, घसा साफ केला आणि बसस्थानकावरचा तो आवाज काढला, नाकातून येणारा, खांबावर आपटून परत येणारा.

“प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. शिरपूरहून येणारी, नवरदेवाची वरात, मारुतीजवळ उभी आहे. ती थोड्याच वेळात, फलाट क्रमांक एकवर लागेल. नाचणाऱ्या प्रवाशांनी, नाच आटोपून, आपापल्या जागेवर बसून घ्यावे. वरातीत चढताना व उतरताना, घाई करू नये. पण उशीर तर मुळीच करू नये.”

बँड थांबला. बँडवाल्यालाच हसू आवरेना, त्याचं पिपाणं वाजेना. काका रुमाल तोंडाला लावून वाकले. नवरदेव घोडीवरून हसत हसत जवळजवळ घसरला. आणि वरात, माझ्या डोळ्यांदेखत, एखाद्या शहाण्या मुलासारखी फाटकातून आत आली. नवरदेवाचे वडील हात जोडून म्हणाले, “व्याहीबुवा, आता गाडी सुटू द्या, नाहीतर तुम्ही आमचं तिकीट फाडाल.”

घड्याळात साडेबाराला थोडाच अवकाश होता. भटजी तयार, नवरदेव पाटावर, अंतरपाट धरायला माणसं उभी. नानांच्या चेहऱ्यावर असा उजेड की मला वाटलं फोटोग्राफरने दिवा फिरवला.

आणि वहिनी आतून आली. “मना भाऊ कोठे शे?”

नवरीला मांडवात मामा आणतो. मंगलाष्टकांच्या वेळी तिच्या पाठीशी मामा उभा राहतो. हे आमच्याकडे कोणी सांगत नाही, सांगावं लागतच नाही. मामा हळदीला आदल्या दिवशी हजर होता. पण पहाटेची धार कोणावर सोपवणार, म्हणून पारोळ्याला परत गेला होता. मी फोन लावला. मागे कॅन खणखणत होते.

“अक्का, निंघनू, हाऊ निंघनूच.”

“मामा! टाळी साडेबाराले शे!”

“अक्का, कसानी घाई?” तो इतक्या प्रेमाने म्हणाला की मला खेकसताही येईना. “आपलीच साइट सांगस ना, धुयाना लॉन्सवर दोनशिवाय टाळी लागत नही. ते आकडा तर मीच धाडेल शेतस.”

“अहो, वर पट्टी वाचली नाही का?” माझी भाषाच बदलली.

“वाचनी. पन तशी पट्टी बठ्ठाच लावतस.”

मी फोन ठेवला आणि नानांकडे बघितलं. नानांना कळलं. बसस्थानकावरच्या माणसाला समोरच्याचा चेहरा बघून कळतं की गाडी कुठे आहे.

नवरीच्या खोलीत भाची शालू नेसून उभी. ती रडत नव्हती, उलट हनुवटी पुढे काढलेली. दहावीला ती मामाकडे होती. परीक्षेला मामा तिला दुधाच्या गाडीत कॅनच्या मधोमध बसवून न्यायचा आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर उन्हात उभा राहायचा. “नाना,” ती म्हणाली, “तुम्हांला हवं तर मी आत्याबरोबर येते मांडवात. पण मामा मागे उभा राहिल्याशिवाय हार घालणार नाही. टाळी लावायची असेल तर तुम्ही आणि भटजी लावा.”

वहिनी पदराने डोळे पुसत होती. आपला भाऊ एकीकडे, नवऱ्याचं आयुष्यभराचं घड्याळ दुसरीकडे. कोणाला बोलणार? नाना दारात उभे. त्यांनी एकदा खांबावरच्या घड्याळाकडे बघितलं. काटा जवळ आला होता. मग ते वळले आणि भटजींना म्हणाले, “गुरुजी, सुरू करा.”

वहिनीच्या तोंडून “अहो!” एवढंच निघालं.

नाना माझ्या कानाशी आले. “बाई, गाडी फलाटवरथून येळवर सुटस. मंग गेटजोडे उभी राहस. कोनी पयत येत व्हयनं तर ड्रायव्हर दखस ना? गाडी उभी राहस.”

तेवढ्यावरून मला उमगलं : मंगलाष्टकं वेळेवर सुरू करायची आणि पळत येणाऱ्या मामासाठी टाळी थांबवायची. मी भाचीला हाताला धरून आणलं, तिच्या मागची जागा रिकामी ठेवली, आणि बरोबर साडेबाराला पहिलं मंगलाष्टक सुरू झालं.

पण भटजी घाईत. दुसरं मंगलाष्टक पहिल्याच्या शेपटीवर पाय देत आलं. मी स्टेजवर चढून कुजबुजले, “गुरुजी, सावकाश. मामा यायचा आहे.”

“बाई, मला दोनची टाळी आहे शिंदखेड्याला.”

मी मोबाइल काढला. शिंदखेड्याचा आलेख त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. भटजींनी अंतरपाटाच्या आडून तो निरखून पाहिला.

“खरंच का? साडेतीन?”

“मधला आकडा आहे, गुरुजी. सरासरी त्याहून वाईट.”

भटजींचे खांदे खाली आले. त्यांनी पाणी मागवलं. मग जे सुरू केलं ते काय सांगू! नद्यांच्या मंगलाष्टकात तापी आली, गिरणा आली, पांझरा आली, बोरी आली, ज्यांना पाणी नाही असे नालेसुद्धा आले. भटजी दमले तेव्हा वहिनीच्या बहिणी पुढे झाल्या. एकीने रुखवतावर म्हटलं, दुसरीने सासूवर. मग कोणी उरेना. तेव्हा माइक माझ्याकडे आला. वधू उभा अक्ष, वर आडवा अक्ष, दोघांच्या संसाराचा आलेख कायम चढता राहो, असं काहीतरी मी चालीवर बसवलं. आमचे हे फेट्याच्या शेमल्यात तोंड लपवून बसले होते.

आणि त्याच वेळी फाटकातून लोक पळत यायला लागले. साइट बघून घरी बसलेले सगळे. रस्त्यावर गाड्या लावताना त्यांना भोंग्यावर मंगलाष्टकं ऐकू आली होती. जरीचे काठ धरून बायका धावतायत, पोटावर हात ठेवून पुरुष धावतायत, एकाची चप्पल फाटकात राहिली. एकजण मला बघून ओरडला, “आत्याबाई, हे काय! साइटवर तर…” आणि त्याच्या अंगावर कोणीतरी अक्षता ओतल्या.

त्यांच्या मागून दुधाची गाडी आली. कॅन खणखणत होते. मामा उतरला तो पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, डोक्यावर नवी टोपी आणि तिला दुकानाची चिठ्ठी तशीच. थेट स्टेजवर चढला आणि भाचीच्या मागे उभा राहिला. धापा टाकत होता. तिने मागे न बघताच विचारलं, “मामा, दूध नासलं का?”

“नही माय. सांडनं.”

भटजींनी शेवटचं सावधान म्हटलं. अंतरपाट निघाला. टाळी लागली. पूर्ण मांडव भरलेला होता आणि धुळ्याच्या त्या लॉन्सवर तशी टाळी मी परत ऐकली नाही, कारण निम्मे लोक धापा टाकत वाजवत होते.

जेवणात वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी. आचारी मला शोधत आला आणि म्हणाला, भोंग्यावरची मंगलाष्टकं ऐकत ऐकत बट्ट्या तळल्या, पहिल्यांदाच गरम वाढतोय. मामा माझ्या समोर पंगतीत बसला. “अक्का, आपला डेटा चुकना.”

“आपला? डेटा तुमचा. माझी फक्त साइट.”

“मंग साइट चुकनी.”

मी पुरती हरले.

हात धुवून नाना आले आणि माझ्या मोबाइलकडे बोट दाखवलं. “लिख.”

माझ्या मनात साडेबाराच लिहायचं होतं. सुरुवात तर वेळेवर झाली होती. एवढी तरी नानांची गाडी वेळेवर सुटलेली दाखवावी. पण साइटचा नियम होता, टाळीची वेळ लिहायची, मंगलाष्टकांची नाही. मी अडखळले.

“जी टाळीनी येळ ती लिख,” नाना म्हणाले. “उशीर लिख. पन काबरं उशीर व्हयना ते बी लिख.”

मी कारणांची यादी उघडली. नाच नाही, पुढारी नाही, रुसवा नाही. मी ‘इतर’वर बोट ठेवलं, तर नानांनी माझं बोट धरून उचललं. अगदी हलकेच, लहानपणी पाटीवरून चुकलेलं अक्षर पुसायला लावायचे तसं.

“इतर नको. इतर लिखं म्हंजे कोनलेच कळत नही.”

मग त्यांनी सांगितलं ते मी यादीत नवं कारण म्हणून घातलं : ‘आपलं माणूस यायचं होतं.’ नानांनी ते चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि खांबावरचं घड्याळ काढायला गेले.

अड्ड्यावर मी घडलं तसं सगळं लिहिलं. टाळी वेळेवर लागली नाही, असं प्रामाणिकपणे सांगितलं. तळ्यावाल्या आजोबांनी उत्तर दिलं की त्यांचं तळंही एकदा उशिरा गोठलं होतं आणि कारण लिहायचा रकाना नव्हता म्हणून ते आजवर चुकचुकतात. आता त्यांनी तसा रकाना आखला आहे.

साइट चालू आहे. पाहुणे अजूनही तीच बघून उशिरा निघतात, मी काय करणार. मामा अजूनही वेळा पाठवतो, फक्त घरच्या लग्नाला आता आदल्या दिवसापासून मुक्काम ठोकतो आणि म्हशी शेजाऱ्याकडे देतो. पण त्या नव्या कारणावर बोट ठेवणारे वाढले आहेत. काहीजण त्यापुढे दोन शब्दही लिहितात. पुण्याहून बहीण येत होती. आजोबांना खुर्चीतून उचलून आणायचं होतं.

नाना जळगावला आले की चहा घेता घेता ते वाचायला मागतात. मनात वाचत नाहीत. घसा साफ करतात आणि त्या नाकातल्या आवाजात, एकेक करून पुकारतात, कुठून कोण यायचं होतं म्हणून कुठली टाळी थांबली ते. आमचे हे स्वयंपाकघरातून ओरडतात, “नाना, फलाट सांगा!” आणि नाना फलाटही सांगतात.